टॅबवरचा अनुच्चारित अनुस्वार आणि लॅमिंग्टन रोडची दुरुस्ती

साहित्य महामंडळाने केलेले शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठीतून गेले. ‘नांव’चं ‘नाव’ झालं, ‘घरीं’चं ‘घरी’ झालं. २०२५च्या ऑगस्टमध्ये माझ्या टॅबने ते परत आणले.

मी प्रुफं वाचते. मुद्रितशोधक म्हटलं की लोकांना पोलीस खात्यातलं काहीतरी वाटतं, म्हणून सरळ सांगते, प्रुफं वाचते. तेवीस वर्षं झाली. दिवाळी अंकांचा हंगाम जुलैअखेर सुरू होतो आणि सप्टेंबरात आमचं कंबरडं मोडतो. पूर्वी कागदांचे गठ्ठे घरी यायचे, करोनानंतर सगळं पीडीएफवर गेलं. म्हणून २०२१ साली १७,९९९ रुपये मोजून १०.४ इंची अँड्रॉइड टॅब आणि वेगळं पेन घेतलं. चार वर्षं त्याने इमानेइतबारे काम केलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की खाली लगेच ‘मग अमुकच घ्यायचा ना’ असं सांगणारे जमतात, आणि माझा विषय कोणता टॅब घ्यावा हा नाहीच. बिघडलेला टॅब कुठे न्यावा, हा आहे.

तर ऑगस्टमध्ये एका अंकाच्या डीटीपीवाल्याचा फोन आला. “ताई, बेचाळीस पानावर ‘नांव’मधला अनुस्वार काढा म्हणताय. पण इथे अनुस्वार नाहीचे. काय काढू?”

मी म्हटलं, नीट बघ. तो म्हणाला, दोनशे टक्के मोठं करून बघितलं. पुढे त्रेपन्न पानावर ‘घरीं’, तिथेही तेच. तेवीस वर्षांत माझ्यावर ही वेळ आली नव्हती. मी टॅबवर बेचाळीसावं पान उघडलं. टिंब होतं. बोटाने पान जरा वर सरकवलं. शब्द वर गेला, टिंब जागच्या जागी. चष्मा काढून पडदा डोळ्याला लावला तेव्हा दिसलं की ती शाई नव्हे, पडद्यालाच पडलेलं भोक आहे. नंतर हिशेब केला. माझ्या पडद्यावर आडवे २००० आणि उभे १२०० पिक्सेल आहेत, म्हणजे एक पिक्सेल मिलिमीटरच्या साधारण नवव्या भागाएवढा. असा एकटा मेला तर माझ्यासारखीलाही दिसणार नाही. इथे तीन-चार शेजारीशेजारी गेले होते. अगदी बारा पॉइंटातल्या अनुस्वाराच्या मापाचे. नेमके शिरोरेषेच्या वर आले की मराठी १९६१ सालात जायची.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी निभावलं असतं. आठवड्याभरात पडद्याच्या डाव्या बाजूला फिकट पांढरा डाग उमटला, ओल्या भिंतीवर येतो तसा. मग उभ्या रेघा आल्या. त्या सकाळी नसायच्या. अकरापर्यंत एखादी, दुपारच्या चहाला डावा एक तृतीयांश भाग दारावरच्या पडद्याच्या झिरमिळ्यांसारखा. शेवटी एका संध्याकाळी सगळं अंधारलं. टॅब चालू होता. मेसेज आला की आवाज यायचा, पेन टेकवलं की टक् व्हायचं. फक्त दिसत काही नव्हतं.

घरात मी काय काय करून पाहिलं, ते सांगते. त्यातलं बरंचसं कोणालाही करता येण्यासारखं आहे आणि दुकानदारासमोर उभं राहताना अंगात थोडं बळ येतं.

आधी पॉवरचं आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र, पंधराएक सेकंद दाबून धरलं. टॅब जबरदस्तीने बंद होऊन परत सुरू झाला. रेघा कंपनीच्या बोधचिन्हावरसुद्धा होत्या. अँड्रॉइड अजून जागंही झालं नव्हतं, त्यामुळे कुठल्या अ‍ॅपवर संशय घ्यायचं कारण उरलं नाही. भाच्याने सेफ मोड करून बघ म्हणून सांगितलं होतं, त्यात बाहेरची अ‍ॅप बंद राहतात. पण बोधचिन्हावरच रेघा म्हटल्यावर ते मी सोडून दिलं.

दुसरी परीक्षा माझ्या धंद्यातली. पडद्यावर रेघा असतानाच स्क्रीनशॉट काढला आणि फोनवर पाठवला. फोनवर चित्र स्वच्छ, एक रेघ नाही. आम्ही हेच करतो की. प्रुफात चूक दिसली की आधी मूळ प्रत बघायची. लेखकाची चूक की जुळणीची? स्क्रीनशॉट ही मूळ प्रत. टॅबचं डोकं ते चित्र बरोबर तयार करत होतं, डोकं ते पडदा या वाटेवर ते बिघडत होतं. स्क्रीनशॉटमध्येही रेघा आल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती, मग सॉफ्टवेअरकडे नाहीतर आतल्या चिपकडे बघावं लागलं असतं.

तिसरी टॉर्चची. पडदा काळा झाला तेव्हा खोलीतला दिवा घालवून फोनचा टॉर्च काचेवर तिरका धरला. आत मजकूर पुसट पुसट दिसला, विहिरीच्या तळाशी पडलेल्या पैशासारखा. म्हणजे चित्र आहे, मागचा दिवा गेलाय. एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही, त्याच्यामागे एलईडी दिव्यांची ओळ असते. ती विझली की चित्र असून नसल्यासारखं. हे कळल्यावर मला कोण आनंद झाला. चित्र आहे म्हणजे पडदा पुरता मेलेला नाही, एवढं तर नक्की.

आणि चौथी गोष्ट मी परीक्षा म्हणून केलीच नव्हती. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टॅब ठेवला होता, भाजी परतताना कोपर लागलं आणि तो भोवऱ्यासारखा गरगर फिरला. मी मनात म्हटलं, कडाप्पा बसला वाटतं एका बाजूने. कडाप्पाला बोल लावला आणि विसरले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सकाळी टॅब गार असताना तासभर नीट दिसायचं. त्या तासात पेन ड्राइव्ह लावून खुणा केलेली सगळी प्रुफं काढून घेतली. तीन अंकांची होती. ती गेली असती तर मला डोंबिवली सोडावी लागली असती.

मग कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. एसी, टोकन, पाण्याचा कूलर, सगळं व्यवस्थित. काउंटरवरचा मुलगा अदबीने बोलत होता. त्याने टॅब चालू केला, रेघा बघितल्या आणि म्हणाला, “डिस्प्ले असेंब्ली बदलावी लागेल मॅडम.” मी मनातल्या मनात मोजत होते, चाळीस सेकंदं. मी स्क्रीनशॉटचं सांगितलं, टॉर्चचं सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण त्याची बोटं संगणकावर डिस्प्ले असेंब्लीची किंमत टाइप करत होती.

“उघडून बघणार नाही का आधी?”

“मॅडम, आमच्याकडे पार्ट रिपेअर होत नाही, रिप्लेस होतो. आणि सबमिट करताना डेटा वाइप होईल, त्याची इथे सही लागेल.”

अंदाजपत्रक छापील मिळालं, टंकनाची एकही चूक नव्हती. ११,४०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १३,४५२. चार वर्षांच्या टॅबला. नवा साडेसतरा-अठराचा. भाची म्हणाली, ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन लाव. पण तक्रार काय करणार? वॉरंटी संपलेली, फसवलं कोणी नाही, उर्मटपणा नाही. त्यांनी आजार न बघता औषध लिहून दिलं, एवढंच. आणि त्यासाठी नंबर नाही.

स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं. तिथे भाषा वेगळी, निदान तेच. “कॉम्बो जाणार.” कॉम्बो म्हणजे वरची टचची काच आणि खालचा पडदा, एकत्र चिकटून येणारा जोड, कोणी त्याला फोल्डर म्हणतं. कॉपी साडेचार हजार, ‘ओरिजिनलसारखा’ साडेसहा. ‘सारखा’ या शब्दावर माझा व्यावसायिक आक्षेप असल्याने मी परतले.

घरी सासूबाईंनी परस्पर निकाल दिला होता. अनंत चतुर्दशी होऊन पितृपक्ष लागला होता, आणि पितृपक्षात नवीन वस्तू घरात येणार नाही. मी हे मानत नाही. पण दिवाळी अंकांचं मानधन दिवाळीनंतर येतं, तेही लेखकांचं आधी. त्यामुळे यंदा मानलं. नवीन घ्यायचा नाही म्हणजे जुना दुरुस्त करायचा, त्याला पितरांची हरकत नसावी.

ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडचं नाव भाच्याने काढलं. डिप्लोमाच्या वर्षांत प्रोजेक्टसाठी लागणारे सुटे भाग तो तिथून आणायचा. “मावशी, तिथे चिपवर काम करणारी माणसं बसतात. डोंबिवलीतली अर्धी दुकानं कठीण काम तिथेच पाठवतात आणि मधले पैसे घेतात. तू सरळ जा. रविवारी जाऊ नकोस, बंद असतं.”

डोंबिवलीहून फास्टने दादर, पूल चढून पश्चिम रेल्वे, आणि तिथून स्लोच घ्यायची, कारण फास्ट गाडी ग्रँट रोडला थांबत नाही. हे मला माहीत असूनही मी फास्टमध्ये चढले आणि मुंबई सेंट्रलला उतरून एक स्टेशन चालत आले. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण तसं विचारलं तर टॅक्सीवाला आपल्याकडेच संशयाने बघतो. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ अशी जेमतेम चार वर्षं मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचं नाव पाट्यांवरून केव्हाच उतरलं, सोल्डरिंगवाल्यांच्या तोंडून उतरायला तयार नाही.

फुटपाथवर सीसीटीव्हीच्या वायरींची भेंडोळी, रिमोटचे ढीग, ‘क्या चाहिये मॅडम’चा गजर. मोठ्या काचेची दुकानं विक्रीची. दुरुस्तीवाले आत, जिन्याखाली, गाळ्याच्या गाळ्यात. भाच्याने सांगितलेली इमारत सापडली. जिन्याखाली चार फुटांचं काउंटर. पाटीवर कामांची यादी होती, मोबाइल, टॅब, लॅपटॉप, चिप लेव्हल, पण दुकानाचं नावच नव्हतं. बसणारे दोघं. एक साठीचे, कपाळावर भिंग चढवलेले, त्यांना सगळे चाचा म्हणत होते. आणि एक विशीतला पोरगा. मी हिंदीत सुरुवात केली. चाचा म्हणाले, “मराठीत बोला ताई. आम्ही खेडकडचे.”

त्यांनी टॅब हातात घेतला नाही. आधी विचारलं, “डेटा काढलात?”

काढला म्हटलं. “पडला होता? पाणी गेलं होतं?” नाही. “चार्जिंगला लावून काम करता काय?” मी म्हटलं, हंगामात दिवसभर लावलेलाच असतो, वायर सुटतच नाही. त्यांनी मान हलवली, टॅब काउंटरच्या काचेवर उताणा ठेवला आणि एका कोपऱ्याला बोटाने टिचकी मारली.

टॅब गरगर फिरला.

“बॅटरी फुगली ताई.”

मी आमच्या ओट्याची मनोमन माफी मागितली. चाचांनी टॅब उचलून कडेने डोळ्यासमोर धरला, सुतार फळी धरतो तसा, आणि मलाही बघायला लावला. पाठ सपाट नव्हती, मधे जराशी फुगीर. पुढची काचसुद्धा डाव्या कडेला चौकटीपासून नखभर सुटलेली. चार वर्षं मी या वस्तूच्या तोंडाकडे बघत होते, कडेकडे कधी बघितलंच नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते माझ्या स्क्रीनशॉटशी आणि टॉर्चशी बरोबर जुळत गेलं. टॅबमधली बॅटरी म्हणजे पातळ पाकिटं. जुनी झाली, शंभर टक्क्यांवर तासन् तास तापत राहिली की आत वायू धरतो आणि पाकीट फुगतं. मागे धातूची पाठ, ती फारशी हटत नाही. मग पाकीट पुढे रेटतं, म्हणजे पडद्याला. पांढरा डाग तो दाबाचा. पडद्याकडून मदरबोर्डकडे जाणारी चपटी पट्टी, त्यांच्या भाषेत स्ट्रिप, बॅटरीच्या अंगावरून जाते. बॅटरी वर आली की स्ट्रिप ताणते, तिचं कनेक्टर एका बाजूने उचलतं. चित्राच्या आणि मागच्या दिव्याच्या तारा त्याच स्ट्रिपमध्ये. दुपारी टॅब तापला की फुगवटा वाढतो आणि रेघा येतात, सकाळी गार असतो तेव्हा कनेक्टर टेकतं.

“मग पडदा चांगला आहे?”

“उघडल्याशिवाय सांगनार नाय. उघडायचे दोनशे. काम केलंत तर त्यात धरीन. आनि आधीच सांगतो, काच सोडवताना फुटू शकते. शंभरात दोन-तीन फुटतात. फुटली तर माझ्यावर नाय.”

इथे मी थांबले. सर्व्हिस सेंटरच्या छापील कागदावर धोक्याबद्दल अवाक्षर नव्हतं आणि इथे हा माणूस काम मिळायच्या आधीच काम बिघडू शकतं म्हणून सांगतोय. दोनशे रुपये काढून ठेवले.

पोऱ्याने उलटा क्रेट बसायला दिला. चाचांनी टॅब गरम पाटावर ठेवला, गोंद सैल व्हायला. डोशाचा तवा तापला की नाही ते बघतात तसं मधेमधे हाताच्या मागच्या बाजूने बघत होते. मग एक गिटारची नखी. खरोखर गिटारची, लाल रंगाची. ती सुटलेल्या कडेतून आत सारली आणि एकेक इंच पुढे. नखी जिथे जड झाली तिथे जोर केला नाही, परत पाटावर ठेवला. बाजूच्या दुकानदाराने हाक मारली तरी मान वळवली नाही. काच सुटायला वीस मिनिटं लागली. मी क्रेटवर बसून मंदिरात बसल्यासारखी गप्प.

आत बॅटरी दिसली, चंदेरी, फुगलेल्या पुरीसारखी. आणि तिच्या खांद्यावरून गेलेली केशरी स्ट्रिप. भिंगाला जोडलेला छोटा मॉनिटर होता, त्यावर त्यांनी मला कनेक्टर दाखवलं; एक बाजू बसलेली, दुसरी केसभर वर. “ही बघा तुमची तेरा हजारांची बिमारी.” रागाच्या भरात तो आकडा मी त्यांना आधीच सांगून बसले होते.

बॅटरी काढताना मात्र त्यांनी मला मागे सरकायला सांगितलं. धातूचं हत्यार लावलं नाही. कडेने स्पिरिटचे थेंब सोडले आणि जुन्या प्लास्टिकच्या एटीएम कार्डाने हळूहळू उचटली. पाकिटाला भोक पडलं तर पेट घेऊ शकतं, म्हणाले. निघाल्यावर ती वाळूच्या पत्र्याच्या डब्यात गेली. त्यात आधीच्या पाच-सहा होत्या. मी अशी वस्तू महिनाभर उशाशी घेऊन झोपत होते, आणि रोज रात्री चार्जिंगला लावत होते. तुमचा फोन किंवा टॅब सपाट ओट्यावर गिरकी घेत असेल तर चार्जिंग बंद करा आणि कोणालातरी दाखवा, दाबून बसवायला जाऊ नका. हे मी माझ्या अकलेने नाही, त्या डब्याकडे बघून सांगतेय.

कनेक्टर ब्रशने पुसलं, बसवलं, वर फोमचा बारीकसा तुकडा चिकटवला. बॅटरी घालण्याआधी बाहेरून वीज देऊन पडदा लावून पाहिला. उजळला. एक रेघ नाही. पांढरा डाग फिकट झाला होता, पण होता. माझा अनुस्वार ठाम होता.

“हा जाणार नाय,” चाचा म्हणाले. “हे पिक्सेल मेलेत. हे काढायचे तर पडदाच बदलायला लागेल. तुम्हाला चालतंय तर ऱ्हाऊ द्या.”

विकायची संधी होती. बाई घाबरलेली, टॅब उघडा, मधे काम थांबलेलं. त्यांनी विकला नाही.

सव्वा तासाने गोंदाच्या नळीतून चौकटीभर धार सोडून काच बसवली, रबरबँडनी आवळली. तेवढ्यात मला काउंटरच्या काचेवर एक स्क्रू दिसला, तांदळाच्या कणीएवढा. बोट दाखवलं. चाचांनी पोऱ्याकडे बघितलं, पोऱ्याने छताकडे. रबरबँड सोडून, काच परत उचलून स्क्रू आत लावला गेला. बिलात न धरलेलं हे माझं प्रूफवाचन.

बॅटरी १,३०० आणि मजुरी ५००, एकूण १,८००. आधीचे दोनशे त्यातच. १३,४५२ कुठे आणि हे कुठे.

आता वाईटही लिहिते, नाहीतर हे परीक्षण कसलं. बसायला जागा नाही; माझं वय चोपन्न, उलट्या क्रेटवर तीन तासांनी कंबर बोलते. गोंदाचा आणि स्पिरिटचा वास डोक्यात जातो, आणि जिन्याखाली हवा म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायांची. बिल आपणहून देत नाहीत. मी मागितलं तेव्हा वहीच्या पानावर ‘ब्याटरी’ असं लिहून मिळालं, तारीख मी सांगून घालायला लावली. तीन महिन्यांची हमी बॅटरीवर, तीही त्या चिठ्ठीच्या भरवशावर. बॅटरी कंपनीची नाही. पूर्वी एका चार्जवर पूर्ण दिवस निघायचा, आता दुपारी चारला मान टाकतो. आवाजाच्या बटणाजवळ काच आणि चौकट यांत बारीक फट राहिली आहे, तिथे पोह्याचा कण अडकू शकतो, अडकलाही. आणि काचेची जबाबदारी नाही म्हणतात ते खरंच नाही. माझी फुटली नाही, तुमची फुटली तर मला शिव्या देऊ नका. ज्यांना वेळ नाही, ज्यांच्या टॅबची वॉरंटी चालू आहे, त्यांनी इकडे फिरकूच नये. एकदा बाहेर उघडला की कंपनी हात वर करणार, आणि वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरची एसीची खुर्ची फुकट आहे.

पाचातले चार तारे. एक क्रेटचा कापला.

दिवाळी होऊन गेली. तिन्ही अंक वेळेवर आले. टॅब आता मी ऐंशी टक्क्यांवर काढते आणि वीसच्या आसपास लावते. चाचांनी सांगितलं, रात्रभर लावून झोपायचं नाय. महिन्यातून एकदा ओट्यावर ठेवून टिचकी मारून बघते. सासूबाई विचारतात, काय ग हे? मी म्हणते, नाडी बघतेय.

परवा एका जुन्या लेखकाच्या पुनर्मुद्रणाचं प्रूफ आलं. आठव्या ओळीत ‘कांहीं’. दोन टिंबं. एक नेमकं माझ्या अनुस्वाराच्या जागी, उजवीकडे, शिरोरेषेच्या वर. पान बोटाने इंचभर खाली ओढलं. दोन्ही टिंबं शब्दाबरोबर खाली आली, आणि वर कोऱ्या जागेत तिसरं एकटंच राहिलं. म्हणजे ही दोन लेखकाचीच. खूण केली आणि दोन्ही काढली.